चेंडू आला की खांबाकडे

आमच्या तपासनिसांना कुणाचीही पारख करायला पापणी लवण्याइतकाच वेळ लागायचा. बाटल्यांच्या कारखान्यात त्यांचं कामच ते होतं. भट्टीतून निघालेल्या बाटल्या थंड होऊन पट्ट्यावरून एकामागून एक यायच्या. मागे पांढऱ्या उजेडाचा पडदा आणि समोर स्टुलावर तपासनीस. तडा, बुडबुडा, वाकडी मान, काही दिसलं की दोन बोटांनी बाटली उचलायची आणि शेजारच्या पिंपात टाकायची. खळ्ळकन आवाज यायचा. तो आवाज त्यांना आवडायचा असं आपलं माझं मत. मी पलीकडे पॅकिंगला होतो, मला त्यांची पाठच दिसायची. पण पाठसुद्धा खूश दिसते एखाद्याची.

पिंपातली काच वाया जात नसे. ती पुन्हा भट्टीत जायची, वितळायची आणि तिची चांगली बाटली व्हायची. हे तपासनिसांना माहीत नव्हतं असं नाही. पण भट्टीचं खातं वेगळं होतं, आणि दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

संध्याकाळी पाळी सुटली की हेच गृहस्थ गळ्यात शिट्टी अडकवून कारखान्यामागच्या बास्केटबॉलच्या मैदानावर उभे राहायचे. कारखान्याच्या संघाचे ते प्रशिक्षक. तरुणपणी स्वतः खेळले होते म्हणे. त्यांचा खेळ पाहिलेली माणसं एकेक करून निवृत्त होत गेली, तसतसे ते दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा थोडे अधिक चांगले खेळलेले असत.

सामन्याच्या वेळी गुणफलक माझ्याकडे असायचा. लाकडी फळीवर खिळे आणि त्यांना अडकवायचे पत्र्याचे आकडे. कुणाच्या बाजूने ओरडायचा माझा पिंड नाही, म्हणून ते काम मला दिलं होतं. उंच स्टुलावर बसायचं, बास्केट झाली की आकडा बदलायचा. सगळे मला आकडेवाले म्हणत. त्या स्टुलावरून मैदान तर दिसायचंच, पण दोन्ही संघांचे राखीव खेळाडूंचे बाकही दिसायचे. मैदानाकडे सगळे बघतात, म्हणून मी बाकांकडे बघत असे.

आता खांबाविषयी सांगतो. खांब मालाच्या फाटकावर खोकी चढवायचा. कँटीनच्या दारातून आत येताना त्याला मान खाली घालावी लागायची, त्यामुळे तो फार नम्र आहे असा सगळ्यांचा समज झाला होता. तपासनिसांनी त्याला हेरला आणि मैदानावर आणला. ज्या दिवशी आणला त्या दिवशी त्यांनी शिकवणं बंद केलं. त्याआधी ते जागा कशी घ्यावी, बचाव कसा करावा असलं काहीबाही सांगायचे. आता एकच धडा उरला.

"चेंडू हातात आला की काय करायचं?"

"खांबाला शोधायचा," सगळे एका सुरात म्हणायचे.

"झोपेतून उठवून चेंडू दिला तर?"

"खांबाला शोधायचा."

पाच जण खेळतात असं नियमात आहे. आमच्यात एक खेळायचा, चौघे त्याला चेंडू आणून द्यायचे आणि उरलेले पाच बाकावर बसायचे. बाकावर बसणाऱ्यांना कंपनीने निळी जॅकेटं दिली होती. चेन गळ्यापर्यंत बंद पाहिजे, असा तपासनिसांचा दंडक. लांबून शिस्त दिसते, म्हणायचे. दिसायची खरी. पाच निळ्या बाटल्या बुचं लावून मांडल्यासारख्या दिसायच्या.

बाकावरच्या पाचांत एक तपासनिसांचा मेहुणा होता. वहिनींचा पाठचा भाऊ. घरात धाकटा म्हणायचे, म्हणून कारखान्यातही धाकटाच. तो साचे साफ करायच्या कामावर होता आणि राहायला बहिणीकडेच, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. संध्याकाळचा चहा मी बहुतेक वेळा तिकडेच घ्यायचो, त्यामुळे संघाची निवड माझ्यासमोरच व्हायची.

"भावोजी, उद्या तरी?" धाकटा विचारायचा.

"उद्याचा सामना अवघड आहे रे. प्रयोग करायची वेळ नाही ही."

"मग मागच्या आठवड्यातला सोपा होता."

"सोप्या सामन्यात गुणांचा फरक वाढवून घ्यायचा असतो."

"म्हणजे अवघड असला तरी नाही आणि सोपा असला तरी नाही."

"मधला एखादा आला की बघू. तुझी वेळ येणार आहे. आकडेवाले, सांगा त्याला."

मी चहात बघायचो.

वहिनी आतून विचारायच्या, "अहो, हा मधला सामना कधी असतो?"

"असतो एखादा."

"नाही, मुलीकडचे विचारतात मुलगा काय करतो म्हणून. संध्याकाळी खेळतो सांगू की बसतो सांगू?"

तपासनीस बशीत आणखी चहा ओतायचे. बायकांना खेळातलं कळत नाही हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं, पण त्या घरात नसताना.

धाकट्याचा उपयोगच होत नव्हता असं मात्र नाही. सरावाला बाकावरचे पाच जण शत्रुसंघ व्हायचे आणि खांबाला अडवायचं काम धाकट्याचं. पण तेही सरळ नव्हतं. पहिल्या काही दिवसांत धाकट्याने खांबाला खरोखरच अडवला. तपासनिसांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

"काय चाललंय?"

"अडवतोय, भावोजी."

"अडव, पण अडवू नकोस. त्याचा आत्मविश्वास मोडला तर उद्या बास्केट काय तू करणार आहेस?"

तेव्हापासून धाकटा अडवल्यासारखं करून ऐनवेळी बाजूला व्हायचा. हे दिसतं तितकं सोपं नाही. ऐनवेळी बाजूला व्हायचं तर खांब कधी आणि कुठल्या अंगाने वळणार हे खांबाच्या आधी कळावं लागतं. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी धाकटा खांबासमोर उभा राहून हेच करत होता. तपासनीस बघत होते, पण ते खांबाकडे बघत होते.

कारखान्यांच्या स्पर्धेचा एक मोठा चांदीचा कप होता. दर वर्षी जिंकणाऱ्याने तो वर्षभर ठेवायचा आणि सलग तीनदा जिंकला तर कायमचा. पहिल्या वर्षी आम्ही जिंकलो. कप व्यवस्थापकांच्या खोलीत गेला. त्याचं काय करावं हे त्यांना उमगेना. छत्र्या ठेवायला तो लहान पडत होता आणि पेन ठेवायला मोठा. तेव्हा ते सहज बोलून गेले की कायमचा मिळाला तर तपासनीस, तुमच्याच घरी ठेवा. साहेब लोक दिवसातून असं बरंच काही सहज बोलतात. पण तपासनीस त्याच संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला. तिथे वहिनींचा लग्नात आलेला काचेचा सेट होता. तो पलंगाखाली गेला.

"अजून दोन वर्षं आहेत की," वहिनी म्हणाल्या.

"जागा आधी करावी लागते."

"माझ्या भावासाठी संघात तेवढी करा."

दुसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्याला धाकट्याची आई गावाहून बसने आली. म्हणजे तपासनिसांच्या सासूबाई. मुलगा इतकी वर्षं मोठ्या संघात आहे, एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून. त्यांना माझ्या स्टुलाशेजारी खुर्ची दिली होती. समोर छापखान्याचा संघ होता. तो पहिल्यापासूनच चुरगळला. खेळ संपायला आला तेव्हा आम्ही इतके पुढे होतो, की छापखान्याचे खेळाडू आपसांत दुसऱ्या दिवशीच्या पाळीविषयी बोलत होते.

सगळं मैदान बाकाकडे बघू लागलं. याहून सोपा क्षण तो काय असणार. धाकट्याने जॅकेटची चेन उघडली. जॅकेट काढलं, नीट घडी घालून मांडीवर ठेवलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.

"जॅकेट कुणी काढायला सांगितलं?" तपासनीस मान न वळवता म्हणाले.

"भावोजी, जिंकलोच आहोत की."

"शिट्टी होईपर्यंत कुणी जिंकलेलं नसतं. शिवाय खांबाचे पन्नास व्हायचेत. घाल ते."

धाकट्याने घडी मोडली आणि जॅकेट घातलं. चेन गळ्यापर्यंत ओढली. खांबाचे पन्नास झाले, टाळ्या पडल्या, मी आकडा बदलला.

सासूबाईंनी कपाबरोबरचा फोटो होईपर्यंत वाट पाहिली. मग जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, अभिनंदन हो. आमच्या धाकट्याला बरं नाही का?"

"का हो?"

"एवढ्या उन्हाचा गळ्यापर्यंत बंद करून बसलेला. म्हटलं कणकण आहे की काय."

"तो राखीव आहे, आई. फार जबाबदारीची जागा असते ती."

"असं होय. म्हणजे जपून ठेवलाय." आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "चल गं, मला बसला बसव. बसायचं तर तिथेही बसता येईल."

महिन्याभराने चहाच्या वेळी धाकटा म्हणाला, "भावोजी, मी साबणाच्या कारखान्यात लागलोय. पहिल्या तारखेपासून."

तपासनिसांनी बशीतला चहा संपवला. "बरं झालं. बाकावर एक जागा मोकळी झाली."

एखादी तडा गेलेली बाटली आपणहून पिंपात जाऊन पडल्यावर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. वहिनी एवढंच म्हणाल्या, की खोली मात्र मोकळी होणार नाही, तो इथेच राहील. तेव्हापासून त्या घराला साबणाचा वास येऊ लागला. धाकट्याच्या कपड्यांना असायचा. तपासनीस जेवताना नाक मुरडायचे आणि बाकी सगळ्यांना तो वास आवडायचा.

साबणाच्या कारखान्याचा संघ म्हणजे आमच्याकडे विनोदाचा विषय होता. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई प्रशिक्षक होत्या. त्यांचा नियम असा, की दोन्ही अर्ध्या भागांत दहाच्या दहा जणांनी मैदानावर उतरायचं. पाळी ठरलेली, कोण कितीही चांगला खेळत असो, पाळी संपली की बाहेर. अर्थातच ते हरायचे. हरल्यावर बाई सगळ्यांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, आज तू काय शिकलास. नुकत्याच हरलेल्या माणसाला असं विचारणं मला तरी निर्दयपणाचं वाटायचं. आणि बाई हे अगदी हसतमुखाने विचारायच्या, ते आणखी वाईट.

"बाईंचं बरंय," तपासनीस म्हणायचे. "त्यांना जिंकायचंच नसतं. जिंकायचं नसलं की माणसाला फार उदार होता येतं."

त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या वर्षी साबणवाले जिंकू लागले. झालं काय, की इतकी वर्षं सगळ्यांना खेळवून खेळवून त्यांच्याकडे दहा बरे खेळाडू तयार झाले होते. फार चांगला एकही नव्हता. पण एकाला दम लागला की दुसरा ताजा, दुसरा थकला की तिसरा.

तपासनीस रात्रीच्या जेवणाला गप्पांच्या ओघात विचारल्यासारखं करायचे, "मग, काय शिकवतात बाई?"

"टाळ्या वाजवायला, भावोजी," धाकटा म्हणायचा आणि पानात बघायचा.

तपासनिसांचं एवढ्यावर समाधान व्हायचं. इकडे सरावाला खांबाला अडवायची जागा बरणीला मिळाली होती. बरणी म्हणजे भट्टीच्या तोंडावर काम करणारा एक गोल, भला माणूस. पडदा बाजूला सारून आत जावं तसा खांब बरणीला सारून जायचा. तपासनीस मला म्हणाले, "आकडेवाले, खांबाचा खेळ यंदा केवढा सुधारलाय बघा." मी बघितलं. खांब होता तिथेच होता, समोरचा माणूस बदलला होता. पण मला बास्केटबॉलमधलं काय कळतं, म्हणून मी हो म्हणालो.

तिसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्यात आमच्यासमोर साबणवाले आले. मैदान भरलं होतं. वहिनी आल्या होत्या, पण कुठल्या बाजूला बसायचं हे न कळल्यामुळे त्या माझ्या स्टुलाला टेकून उभ्या राहिल्या. सकाळीच तपासनिसांनी कपाटाचा कप्पा ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता.

पहिलाच चेंडू खांबाकडे गेला. खांबाने हाताचा तळवा चड्डीला पुसला आणि डावीकडे वळला. तिथे धाकटा आधीच उभा होता. खांब उजवीकडे झाला, तर तिथेही धाकटा. खांबाने चेंडू हातात धरून त्याच्याकडे बघितलं. हा माणूस आता बाजूला होईल याची तो वाट बघत होता, असं मला वाटलं. इतक्या वर्षांची सवय. धाकटा झाला नाही.

डावीकडे वळण्याआधी खांब तळवा पुसतो हे धाकट्याला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, खुद्द खांबालाही नाही. आता ते साबणाच्या दहाही जणांना माहीत झालं होतं. धाकट्याची पाळी संपली की दुसरा यायचा आणि तोही तळव्याकडेच बघायचा. खांब ढकलाढकली करू लागला. पंचांची शिट्टी वाजायची, फाऊल मोजला जायचा. बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. खांबाला कधी विश्रांती दिलेली नव्हती, कारण विश्रांती द्यायची तर दुसऱ्या कुणाला तरी आत पाठवावं लागलं असतं.

तरी आम्ही तुटून पडत होतो. शेवटी शेवटी साबणवाले जरासे पुढे होते आणि बाईंनी धाकट्याला बाहेर बोलावलं. त्याच्या जागी हजेरी विभागातला एक काटकुळा कारकून उतरला. चष्मा दोऱ्याने डोक्यामागे बांधलेला. त्यांचेच खेळाडू म्हणाले, "बाई, आत्ता नको ना."

"पाळी त्याची आहे," बाई म्हणाल्या.

कारकुनाच्या हातून चेंडू सुटला, तो आमच्या मुलांनी खांबाला दिला आणि आम्ही एका गुणाने पुढे गेलो. तपासनीस धावत माझ्यापर्यंत आले.

"बघितलंत आकडेवाले? याला म्हणतात हातातला कप फेकून देणं."

"अजून शिट्टी व्हायचीय," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा चेंडू खांबाकडे. पुन्हा तळवा चड्डीला. कारकुनाला अडवता येत नव्हतंच, पण कुठे उभं राहायचं हे त्याला धाकट्याने सांगून ठेवलं होतं. तो डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्याने डोळे घट्ट मिटले. खांब सगळ्या अंगानिशी त्याच्यावर जाऊन आदळला. कारकून आडवा झाला, चष्मा एका कानाला लोंबकळला, शिट्टी वाजली. खांबाचा पाचवा फाऊल. बाईंची ही हुशारी की नुसता अपघात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाईंनाही आलं नसावं. त्या टाळ्या वाजवत होत्या.

खांब डोक्यावर टॉवेल टाकून बाकाच्या टोकाला बसला. त्याला बाकावर बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. गुडघे कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं.

तपासनीस बाकाकडे वळले. निळी जॅकेटं गळ्यापर्यंत बंद करून सगळे सरळ बसलेले. पट्ट्यावरच्या बाटल्यांकडे बघायचे तसं त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. उचलून टाकण्याचा सराव दांडगा होता, निवडण्याचा नव्हता.

"बरणी, तू ऊठ."

बरणी उठला आणि जॅकेटची चेन ओढू लागला. चेन हलेना. सामन्यात ती उघडायची वेळच कधी आली नव्हती, गळ्यापाशी गंजून बसली होती. शेजारचा मदतीला आला. मग तिसरा. पंच म्हणाले, "चला, लवकर करा." तपासनिसांनी स्वतः दोन हिसके दिले. शेवटी लहान मुलाचा सदरा काढतात तसं ते जॅकेट डोक्यावरून ओढून काढलं. बरणीचे दोन्ही कान लाल झाले होते. तसाच तो धावत मैदानात गेला.

आम्ही अजूनही एका गुणाने पुढे होतो. साबणवाल्यांनी चेंडू फेकला, तो कड्याला लागून परतला आणि आमच्या हाती आला. आता चेंडू नुसता धरून ठेवायचा होता. चेंडू असलेल्या आमच्या खेळाडूला दोघांनी घेरलं. मोकळा एकटा बरणी होता, त्याने बरणीकडे पास दिला.

इतक्या वर्षांत सामन्यातला चेंडू बरणीच्या हातात प्रथमच येत होता. क्षणभर तो गोंधळला. मग शिकवलेलं सगळं त्याला आठवलं. त्याने मान उंच करून खांबाला शोधला. खांब दिसलाही. बरणीने दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीने, सरळ रेषेत चेंडू फेकला. इतका नेमका पास मी त्या मैदानावर दुसरा बघितला नाही. टॉवेलखालून खांबाचे हात आपोआप वर आले आणि त्याने तो झेलला. बाकावर बसल्या बसल्या.

हशा पिकला. शिट्टी झाली, चेंडू साबणवाल्यांना मिळाला.

"अरे, तिकडे कुठे फेकलास?" तपासनीस ओरडले.

"खांबाला शोधला, साहेब," बरणी म्हणाला. त्याला खरोखरच काही कळत नव्हतं.

कारकून चष्मा सावरत बाहेर गेला होता आणि मैदानात पुन्हा धाकट्याची पाळी आली होती. त्याने चेंडू घेतला, आमचे तिघे त्याच्यावर तुटून पडले आणि त्याने तो बास्केटखाली उभ्या असलेल्या एका माणसाकडे टाकला. तो माणूस कोण, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याच्याजवळ कुणी उभंच नव्हतं. त्याने चेंडू हलकेच आत टाकला. मी आकडा बदलत होतो तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली. मागे वळून बघितलं तर वहिनी स्टुलाचा पाय घट्ट धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावर नवरा हरल्याचं दुःख आणण्याचा त्या प्रामाणिक प्रयत्न करत होत्या.

बाई हात मिळवायला आल्या. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग, आज काय शिकलात?"

तपासनिसांनी जराही विचार केला नाही. "चेन खराब होती," ते म्हणाले.

आणि खरंच पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळी जॅकेटं मागवून घेतली आणि एकेका चेनीला मेण लावलं. स्वतःच्या हाताने. ते हरण्यातून काही शिकले नाहीत असं कुणी म्हणू नये.

साबणाच्या बाईंची आणखी एक पद्धत होती. कप साहेबाच्या खोलीत ठेवायचा नाही. प्रत्येक खेळाडूने तो आठवडाभर आपल्या घरी न्यायचा. सुरुवात कारकुनापासून झाली. मग फिरत फिरत धाकट्याची पाळी आली. आता धाकट्याचं घर म्हणजे बहिणीचं घर. एका संध्याकाळी तो कप काखोटीला मारून आला. वहिनींनी तो हातातून घेतला आणि इकडेतिकडे न बघता काचेच्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवला. अगदी बरोबर बसला.

"जागा आधी करून ठेवली होती, बरं झालं," त्या म्हणाल्या.

पहिले दोन दिवस तपासनीस कपाटाकडे पाठ करून चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर ते फडक्याने कप पुसत होते. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा शेजारी सहज डोकावला.

"अरे वा, शेवटी तुमच्याकडेच आला."

"येणारच," तपासनीस म्हणाले. "पोरगा माझ्याच हाताखालचा. बाकावर ठेवून ठेवून त्याची भूक वाढवली. काही खेळाडू पिकवावे लागतात हो, घाई करून चालत नाही."

मी चहात बघितलं. धाकटा आतल्या खोलीत बूट पुसत होता. त्याने ऐकलं असणार, भिंती पातळ आहेत.

ही भूक वाढवण्याची गोष्ट तपासनिसांनी मग सगळीकडे सांगितली. कँटीनमध्ये, फाटकावर, केस कापताना. सांगता सांगता ती गुटगुटीत होत गेली. स्पर्धेच्या समितीने त्यांना सगळ्या कारखान्यांच्या प्रशिक्षकांसमोर बोलायला बोलावलं. विषय होता राखीव खेळाडू कसे घडवावेत. समितीला दुसरं कुणी सुचलं नाही का, हे मी विचारलं नाही.

मी, वहिनी आणि धाकटा मागच्या रांगेत बसलो होतो. पहिल्या रांगेत साबणाच्या बाई. तपासनीस छान बोलले, खोटं कशाला सांगू. जिंकणं महत्त्वाचं, पण मागच्या फळीतला माणूस घडवणं त्याहून महत्त्वाचं, म्हणाले. त्यासाठी प्रशिक्षकाला मन कठोर करावं लागतं, कधी घरातलं वाईटपण घ्यावं लागतं. इथे त्यांचा आवाज भरून आला. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझा सेट अजून पलंगाखालीच आहे."

शेवटी ते म्हणाले, "ज्याला घडवला तो इथेच आहे. ये रे धाकट्या, वर ये."

टाळ्या झाल्या. धाकटा संकोचत व्यासपीठावर गेला. तपासनिसांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला सगळ्यांकडे फिरवून दाखवलं, निर्दोष बाटली उजेडासमोर धरून दाखवावी तसं. मग आपल्या शेजारची खुर्ची ओढून पुढे केली.

"बस. अगदी माझ्या शेजारी बस."

धाकट्याने खुर्चीकडे बघितलं, भावोजींकडे बघितलं.

"नको, भावोजी," तो म्हणाला. "तुमच्याकडे माझं बसून झालंय."

तो व्यासपीठाच्या कडेला उभाच राहिला. तपासनीस मात्र बसले, कारण भाषणाचं शेवटचं पान राहिलं होतं.